लाइनवाल्यांचं ताट

ब्रॅनिक, २४ ऑगस्ट १९८६

इरीन,

फोन आपटता येतो, पत्र आपटून काही होत नाही, म्हणून पत्र लिहितेय. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस आणि एमिलने घेतला तर त्याच्याशी पोटभर बोलतेस. बोल बाई. माझाच नवरा आहे, घरातल्या घरातच राहतं सगळं.

तुझा टॉड सुखरूप पोचला. एक पिशवी, मोठे कान आणि पायात पांढरेशुभ्र बूट. मी म्हटलं, "बाळा, हे बूट घालून आमच्या गावात चालणार तू?" तर म्हणतो, "मावशी, मी चालत नाही, पळतो." रॉनचाच मुलगा! विचारायला नको.

पण खरं सांगते, पोरगा गोड आहे. आल्या दिवशी कोबी-शेवयांच्या हलुश्कीचं पातेलं पुसून खाल्लं. वर म्हणतो, आई पण करते, पण तिच्या कोबीला असा रंग येत नाही. तुझ्या कोबीला रंग येणार कुठून, तू गॅस बारीक करतच नाहीस. आई किती ओरडायची तुला.

एमिल त्याला शाळेच्या फुटबॉलच्या सरावाला घेऊन गेला. अजूनही लाइनच्या पाच पोरांना एमिलच शिकवतो, बॉल घेऊन पळणाऱ्यासाठी समोरच्यांना ढकलून रस्ता कसा काढायचा ते, पाय ओढत ओढत. परत येऊन जेवायला बसला. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाला, "वेगवान आहे." एवढंच. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणजे खूश होता.

तिकडे ह्यूस्टनच्या त्या अवाढव्य शाळेत त्याला बाकावर बसवून ठेवलं असतं, इथे खेळायला मिळेल, हा तुझा हिशेब मला पटला. रॉन समुद्रात तेलाच्या विहिरीवर, तुझ्या दोन-दोन पाळ्या. इथे निदान वेळेवर जेवेल. तू माझ्यावर भरवसा ठेवलास असं मी मुळीच म्हणत नाही. तू एमिलवर ठेवलास.

आणि सहा वर्षांपूर्वी तुमच्या निरोपाच्या जेवणाला बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी जे बोलले, ते मी मागे घेणार नाही. शाळेच्या संघात रॉन जितके यार्ड पळाला, त्या प्रत्येकाखाली त्याला रस्ता काढून देणाऱ्या माझ्या नवऱ्याचा मोडका गुडघा आहे आणि त्या माणसाने एकाही गुरुवारी लाइनवाल्यांना स्वतःच्या हाताने एक ताट वाढलं नाही. खोटं असेल तर सांग. तू ताट खाली ठेवलंस आणि गेलीस. तेही अक्रोडाच्या रोलचं! मी केलेल्या.

तुझी,
ओल्गा

ब्रॅनिक, १४ सप्टेंबर

इरीन,

तुझ्या लाडक्याने काय केलं ते ऐक. तो दर रविवारी फोनवर तुला "सगळं छान" सांगतो ना? छान कसलं, पार वाट लावली होती.

पहिला सामना झकास झाला. टॉड दोनदा असा सुटला की मी शेजारच्या बाईच्या मांडीवर कॉफी सांडली. दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याची मुलाखत लागली. रेडिओवाल्याने विचारलं, "काय रहस्य?" आणि हा म्हणतो, "मला मोकळी जागा दिसते आणि मी गेलेला असतो. बाबांकडूनच आलंय, रक्तातच आहे."

रक्तातच आहे! अरे, ती जागा काय झाडाला लागते? लाइनच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या वॉलीने सव्वाशे किलोच्या माणसाला छातीवर घेतलं, त्याच्या शेजारचा पेटको नावाचा तो लालकेस्या गार्ड तोंडावर आपटला, तेव्हा ती जागा झाली. एमिलने रेडिओ बंद केला आणि बागेत जाऊन टोमॅटोंना पाणी घालत बसला. पाऊस पडून गेला होता.

तरी लाइनची पोरं काही बोलली नाहीत. त्यांना सवय असते. मग आला गुरुवार.

इथली रीत तुला माहीत आहे, त्याला कोणी सांगितली नाही. मला वाटलं एमिलने सांगितली असेल, एमिलला वाटलं मी. पहिला सामना झाला की मग दर सामन्याच्या आदल्या दिवशी पळणाऱ्याच्या घरी लाइनचं जेवण. पळणाऱ्याने वाढायचं, पाचही जणांचं उरकलं की मग स्वतः बसायचं. मी दुपारपासून बटाट्याचं सारण भरून पिरोगी करत होते. पोरं आली. वॉली दारात उभा राहिला की स्वयंपाकघरात अंधार होतो. मी भांडं टेबलावर ठेवायचा अवकाश, तुझ्या चिरंजीवांनी सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट भरलं. वरचा खरपूस कांदा पण सगळा यानेच ओढला. आणि बसला. आणि खायला लागला!

 वॉलीने काटा खाली ठेवला. पेटको म्हणाला, "मावशी, आज भूकच नाही हो." पेटकोला भूक नाही! त्याच्या आईला कळलं असतं तर डॉक्टर बोलावला असता तिने.

सामन्यात त्यांनी दगा दिला नाही, तसं केलं असतं तर एमिलने सोलून काढलं असतं. पण सोमवारी सरावात एमिलची पाठ वळली आणि काय केलं माहीत आहे? बॉल टॉडच्या हातात पडल्याबरोबर पाचही जण बाजूला झाले आणि वॉलीने कमरेत वाकून म्हटलं, "या साहेब, या. आपल्याला रस्ता दिसतोच ना?" समोरचे अकराच्या अकरा तुझ्या पोरावर. वर बॉल पण काढून घेतला.

संध्याकाळी हेल्मेटमध्ये अर्धं मैदान घेऊन घरी आला. म्हणे, "मावशी, ते माझ्यासाठी अडवायला... म्हणजे त्यांनी कोणाला अडवलंच नाही!"

मी म्हटलं, "अरे वा! म्हणजे ते अडवतात हे आज कळलं तर."

रडला नाही. पण पांढरे बूट कोपऱ्यात फेकले. तुला सांगणार नव्हते, पण मग म्हणशील ओल्गाने लपवलं.

ओल्गा

ब्रॅनिक, ५ ऑक्टोबर

इरीन,

बस आधी. हे उभ्याने वाचू नकोस.

एमिलने त्याला आठवडाभर सरावात गार्डच्या जागी उभं केलं. बॉल नाही, पळणं नाही. दोन्ही हात जमिनीजवळ, पार्श्वभाग आकाशाकडे आणि समोर वॉली. रोज संध्याकाळी घरी यायचा तर हाताने चमचा उचलवत नव्हता. एकदा मी सूप भरवलं, कोणाला सांगू नकोस.

तिसऱ्या दिवशी मला म्हणतो, "मावशी, तिथून काहीच दिसत नाही गं. तोंड गवतात असतं. बॉल कुठे गेला कळतच नाही."

"मग कळतं कसं?"

"लोक ओरडतात ना, त्यावरून. लोक ओरडले की समजायचं, आपलं काम बरोबर झालं."  पुढे म्हणाला, "काका तीन वर्षं असंच ऐकत होते?"

मी कांदा चिरत होते, नाहीतरी डोळ्यांत पाणी होतंच.

मग एमिलने टेबलावर त्याला शिकवलं. कच्च्या पिरोगी रांगेत पाच ठेवल्या. मिरपुडीचा डबा म्हणजे टॉड. "तू वेगवान आहेस हीच तुझी अडचण आहे," म्हणाला. "दार उघडायच्या आत तू दारावर आपटतोस. पेटको आपली जागा सोडून आडवा येईल. त्याच्या पाठीवर हात ठेव आणि त्याच्या चालीने चाल. तो ज्याच्याशी भिडेल, त्याच्या उलट्या बाजूने निघ. तोवर थांब. थांब... थांब... आता!" डबा असा सुटला की मिरपूड साखरेत. माझी पिरोगी मात्र एकही फाटली नाही. एमिल बोटांनी फार जपून करतो सगळं.

गुरुवारी मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले. टॉडने स्वतःहून माझा एप्रन बांधला, तोच, फुलाफुलांचा. पोरं आली, तर दारातच फुटली हसून. हा वाढत होता, ती मुद्दाम त्रास देत होती. "वेटर, लोणी!" "वेटर, माझा काटा पडला!" वॉलीने चार वेळा मागून घेतलं आणि पाचव्यांदा नुसतं बोट वर केलं. टॉडने खरपूस कांदा समान वाटला, दर ताटात. शेवटी भांड्यात काही उरलं नाही. तेव्हा पेटकोने आपल्या ताटातल्या दोन पिरोगी काढून रिकाम्या ताटात ठेवल्या आणि ताट याच्याकडे सरकवलं. "बस रे आता," म्हणाला.

आणि शुक्रवार! अगं इरीन, काय सांगू तुला शुक्रवार! हात पेटकोच्या पाठीवर, पोरगा चालतोय, सामन्यात चालतोय! मी ओरडतेय, "पळ की मेल्या!" आणि एमिल कडेला उभा राहून नुसता हात खाली दाबतोय, थांब, थांब. पेटको भिडला आणि असं दार उघडलं की मीसुद्धा गेले असते त्यातून. टॉड गेला. शेवटपर्यंत गेला. आणि तुला गंमत सांगू? तो अजून अर्ध्यात होता, तेव्हाच खाली पालथ्या पडलेल्या पाचही जणांनी गवतातूनच हात वर केले होते. लोकांच्या ओरडण्यावरून.

शेवटची रेषा ओलांडून टचडाउन झाल्यावर नाचत नाही बसला. बॉल घेऊन उलटा पळत आला आणि वॉलीच्या हातात दिला. वॉलीने आयुष्यात कधी बॉल घेतलेला नाही, नुसता पायांमधून मागे दिलाय. तो भांबावला. पंचांना द्यायचं सुचलंच नाही, शर्टात खुपसून उभा राहिला. सामना थांबला ना गं!

एमिल डोळे पुसत होता. म्हणे गवताने चुरचुरतात.

आता कामाचं. २४ तारखेला घरचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाच्या पोरांचं नाव पुकारतात आणि पोर आईवडिलांच्या हातात हात घालून मैदान ओलांडतं, आठवतंय ना. रॉन ख्रिसमसपर्यंत समुद्रातच. टॉड मला म्हणाला, "मावशी, तू चालशील माझ्याबरोबर?" मी नाही म्हटलं. तोंड एवढंसं झालं त्याचं. पण ती जागा माझी नाही, इरीन. तू आलीस तर तुझी आणि नाही आलीस तर रिकामी. तो एकटा चालला तर गाव बघेल आणि मला ते बघवणार नाही.

माझं काही म्हणणं नाही. तू ठरव.

ओल्गा

ता. क. वरची खोली मी अशीच झाडली. जाळी झाली होती.

ब्रॅनिक, १४ ऑक्टोबर

इरीन,

सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि तेही दोन ओळींचं कार्ड. "रजा मिळणार नाही. आणि आले तर तू तेच पुन्हा सगळ्यांसमोर बोलशील."

हो, बोलेन! मग ये आणि ऐक! आणि तुझ्याकडे उत्तर असेल तर तेही सगळ्यांसमोर दे. हे काय, ह्यूस्टनमध्ये बसून रुसायचं. लहानपणी रुसलीस की निदान माळ्यावर बसायचीस, शिडी लावून तुला खाली काढता यायचं.

असो. भांडायला कागद पुरत नाही.

परवा लाइनची पोरं टॉडला फायर हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे अजून रॉनचा तो मोठा फोटो आहे, हवेत उडी मारलेला. वॉलीने त्याला विचारलं, "डाव्या कोपऱ्यात काय दिसतं सांग." फोटोच्या कडेला एक कोपर आहे बघ, जखमेची खूण असलेलं, बाकी माणूस फोटोबाहेर. एवढी वर्षं लोक त्या फोटोखाली मासे खातात, कोणी विचारलं नाही ते कोणाचं. टॉड घरी आला आणि एमिलला म्हणाला, "काका, बाही वर करा." एमिलने केली. कोपरावरची तीच खूण बघितली आणि पोराने खाली बसून एमिलचे बूट काढून दिले. एमिलला गुडघ्यामुळे वाकता येत नाही, म्हणून रोज ते माझं काम असतं. आता टॉडने घेतलंय.

सोबत रेडिओवरून भरून घेतलेली कॅसेट आहे, ती ऐक. शुक्रवारी रेडिओवाल्याने पुन्हा विचारलं, "आज एवढे यार्ड कसे काय?" तुझा पोरगा काय म्हणाला ते त्याच्याच तोंडून ऐक. पाचही जणांची नावं घेतली, आडनावासकट. कोणी कुठल्या वेळी कोणाला कुठे ढकललं सगळं सांगितलं. रेडिओवाला म्हणतोय, वेळ संपली, आता जाहिरात, आणि हा म्हणतो, "थांबा, पेटकोचं राहिलं." शेवटी म्हणाला, "आणि हे सगळं माझ्या काकांनी शिकवलं. आमच्या बाबांसाठी रस्ता त्यांनीच काढला होता." मागे जो आरडाओरडा आहे तो मी, स्वयंपाकघरात. पातेलं पण माझंच पडलंय.

या पोराला घडवलं तू, इरीन. आम्ही नुसतं खाऊ घातलं. हे मी सगळ्यांसमोर बोलायला तयार आहे.

ओल्गा

ता. क. वरच्या खोलीत पडदे लावलेत. जुने होते, पडूनच होते.

ब्रॅनिक, २५ ऑक्टोबर, सकाळी

इरीन,

तू वर झोपली आहेस, तुझं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. तरी लिहितेय, कारण समोरासमोर बसलो की आपण पाच मिनिटांत कोबीवरून सुरू होऊ. हे पत्र चहाच्या कपाखाली ठेवते.

काल तू काय बघितलंस ते तुला माहीत आहे. मी काय बघितलं ते सांगते. नावं पुकारायला सुरुवात झाली, टॉड रांगेत एकटा. मी कुंपणाला नखं रोवून उभी. एवढ्यात फाटकातून एक बाई पळत आली, अंगात टेक्सासचा पातळ कोट, हातात बॅग. थंडीने ओठ निळे. तिने मला बघितलं, बॅग माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "बघत काय राहिलीस, तुझा कोट दे!" सहा वर्षांनंतरचे पहिले शब्द. मी दिला. तो तुझ्याकडेच राहू दे, तुला चांगला दिसतो.

पुकारणारा म्हणाला, "टॉड, आणि आई इरीन." टॉडने तुला एका बाजूला घेतलं आणि निघायच्या ऐवजी उभाच राहिला. सगळे बघायला लागले. तो कडेला गेला आणि एमिलला हाताला धरून आणलं. एमिल नाही नाही म्हणत होता, तो कुठे ऐकतो. मग तुम्ही तिघं चाललात. एमिल पाय ओढत होता आणि आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यांत जोरात पळणारं पोरगं त्याच्या चालीने चाललं होतं, पाऊल पाऊल. एमिलच्या पाठीवर हात ठेवून. मैदान ओलांडायला तुम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि कोणी टाळ्या थांबवल्या नाहीत. पेटको तर हेल्मेट तोंडावर धरून रडला. सामना जिंकलो, ते तू बघितलंसच.

आणि मग फायर हॉल. मी मनात म्हणत होते, ओल्गा, तोंड बंद ठेव, तोंड बंद ठेव. तू सरळ जाऊन ताट भरलंस. पिरोगी, वर खरपूस कांदा. एमिलसमोर ठेवलंस आणि त्या फोटोखाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "गुरुवारी रॉन वाढायला नसायचा, कारण तो माझ्याकडे यायचा. आमच्या मागच्या पायरीवर. बाबांनी बघितलं असतं तर तंगडं तोडलं असतं, म्हणून कोणाला बोलले नाही. ते ताट माझ्यामुळे राहिलं, एमिल."

म्हणून तू तेव्हा उठून गेली होतीस! मी रॉनला बोलले आणि लागलं तुला. सहा वर्षं, इरीन! अगं, एका वाक्याचं काम होतं!

आणि माझा नवरा! तोंडात घास, शांतपणे म्हणतो, "मला माहीत होतं."

"कसं?"

"बाबा मागच्या दाराकडे जाऊ नयेत म्हणून पुढच्या ओसरीवर त्यांना गप्पांत कोणी धरून ठेवलं होतं, असं वाटतं तुम्हाला? दर गुरुवारी? भट्टीतल्या पोलादाविषयी? तुमचे बाबा दोनदा उठले होते. दोनदा मी दारात आडवा उभा राहिलो."

आख्खा हॉल हसतोय. वॉलीने टेबल बडवलं. आणि मी? मी उभी, हातात चमचा. कारण मला आयुष्यभर वाटत आलं की तो दर गुरुवारी माझ्यासाठी यायचा. बाबांशी एवढ्या आदराने बोलणारा मुलगा! तेव्हाच तर मला पसंत पडला होता. मी त्याला लिंबू सरबत नेऊन द्यायचे, आठवतंय?

मी म्हटलं, "म्हणजे तू रॉनसाठी यायचास? मेल्या, तिथेसुद्धा तू लाइनच खेळत होतास?"

तर म्हणतो, "सुरुवातीला रॉनसाठी. पुढे सरबतासाठी. रॉन पकडला गेला नाही आणि मी अडकलो. मग, ओल्गा, जास्त यार्ड कोणाला मिळाले, सांग."

ज्या गुरुवारांवरून मी सहा वर्षं बहिणीशी भांडले, त्याच गुरुवारांनी मला नवरा मिळवून दिला. इतकी हसले, इतकी हसले की तू येऊन माझी पाठ चोळलीस. तुझा हात तसाच गार आहे, लहानपणासारखा. बरं वाटलं गं. फार बरं वाटलं.

रॉनला फोनवर तूच सांग सगळं. त्याने ख्रिसमसला यावं, एप्रन माझ्याकडे आहे.

आता ऊठ. टॉड आणि ती पाच धटिंगणं सकाळीच आली आहेत, एमिल त्यांना बाबांच्या याच घराच्या मागच्या दारी तुझ्या पायरीची जागा दाखवतोय, हावभावांसकट. खाली ये नाहीतर हा माणूस काहीही सांगेल. त्या सगळ्यांचं खाऊन झालं. तव्यावर आपल्या दोघींपुरतं ठेवलंय, गॅस बारीक करून.

मी अजून खाल्लं नाही. तुझ्यासाठी थांबलेय.

ओल्गा